फळ्या की फरशी

इच्छापोर रोड, सुरत
१८ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आप्पांस,
हर्षदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही आधी घराचा नकाशा शोधणार हे ठाऊक असल्याने तो पहिल्याच पानावर काढला आहे. उधन्याचा चौथ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट सुटला आणि आम्ही नव्या घरात राहायला आलो. हे रो-हाउस आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्या, पण पुढचं आणि मागचं आभाळ आपलं. मागे चौदा फूट रुंद, वीस फूट लांब उघडी जमीन आहे. काळी माती आणि कोपऱ्यात आधीच्या मालकाने लावलेला शेवगा. शाळेतून आले की मी दप्तर खाली न ठेवता आधी तिथे जाऊन उभी राहते. तपासायच्या चौथीच्या वह्या काखेत, आणि डोक्यात काहीच नाही, असा अर्धा तास जातो.

या जागेत बसायला काहीतरी करायचं आहे, आणि घरात दोन पक्ष पडले आहेत. पल्लवीच्या पप्पांनी त्यांच्या मॅनेजरच्या घरी कंपोझिटचा डेक पाहिला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेल्या फळ्या असतात, खाली लोखंडी चौकट, जमिनीपासून वीतभर उंच. वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही, हे ते जेवताना दोनदा सांगतात. मला कोटा फरशीचा पॅटिओ हवा आहे. पॅटिओ म्हणजे आपला ओटाच म्हणा, फक्त जमिनीला टेकलेला. गार आणि जड.

निर्णय होईपर्यंत आम्ही चुन्याच्या फक्कीने जमिनीवर एक चौकोन आखून ठेवला आहे. संध्याकाळी त्यातच चटई टाकून बसतो. चपला बाहेर काढल्याशिवाय आत यायचं नाही असा पल्लवीचा नियम आहे. मातीच्या कडेला चपला काढून मातीतच येऊन बसणारी माणसं पाहून शेजारच्या बाई दारातच थांबल्या. पल्लवी रिकाम्या कपांतून चहा देते. एक कप तुमच्या नावाचा असतो आणि तो उत्तरेच्या कडेला ठेवलेला असतो.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मेसेजचा तुम्हाला राग, म्हणून तुमचं मत टपालानेच मागते आहे. सुट्टी लागली की या आणि राहा. मालतीआत्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो लवकर आलेल्या उत्तरात दिसावा.

आपली,
हर्षदा


ता. अमळनेर
२ मार्च २०२४

चि. सौ. हर्षदास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र आणि नकाशा पोहोचला. नकाशात उत्तर दिशा दाखवलीस हे बरं केलंस. सहावीत असताना एक कंपासपेटी निवडायला तू दुकानात दोन तास घेतले होतेस आणि शेवटी दुकानदारानेच पाणी विचारलं होतं. तेव्हा अंगणासाठी दोन पावसाळे तरी लागतील असा माझा हिशेब आहे.

मत विचारलंस म्हणून सांगतो. फरशी घाल. पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, हे विसरून नुसत्या वाळूवर फरशी बसवलीस तर दुसऱ्या वर्षी एकेक फरशी दाढेसारखी हलेल. दीड फूट माती काढायला लाव. मुरूम भर, पाणी मार, धुमसाने ठोकून घे, मग खडी आणि मग फरशी. चार फुटांना एक इंच उतार घराकडून बाहेर. गवंडी नको म्हणेल, त्याचं ऐकू नकोस.

जावईबापूंच्या फळ्यांना माझा विरोध नाही, पण ते पोकळ काम आहे. खाली घुशी शिरतात. दुपारच्या उन्हात त्यावर पाय ठेवता येत नाही असंही इथला सुतार सांगतो. आणि एक माणूस चालला की सगळं हलतं. दगड कसा मुका असतो, कोणी आलं काय आणि गेलं काय. माणसाला शांत बसता येतं.

मी चार वाजता नदीवर जातो. तापीचं पाणी सध्या इतकं सावकाश चाललंय की ते चाललंय हे पटवून घ्यावं लागतं. हे पाणी कधीतरी तुझ्याकडे पोहोचेल असं मनात येतं. मध्ये उकाई धरणाचा सरकारी थांबा आहे एवढंच.

येण्याचं म्हणशील तर हरभरा काढायचा आहे, शिवाय आक्काचा गुडघा दुखतो. भावाशिवाय तिच्याकडे बघणार कोण? पुढे पाहू. पल्लवीच्या रिकाम्या कपातला चहा मला गोड चालतो असं तिला सांग. मायेत खंड नसावा.

तुझा,
आप्पा


सुरत
२४ मार्च २०२४

तीर्थरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

फरशी ठरली. पल्लवीचे पप्पा दोन दिवस कमी बोलले, मग स्वतःच दुकानातून नमुने घेऊन आले. त्यांतली निळसर फरशी मी उशाशी ठेवून झोपते. हात लागला की उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्यांच्या ओट्यावर दुपारी पालथं पडायचो ते आठवतं. चुन्याचा चौकोन दोन फुटांनी वाढवला आहे, कारण जुन्यात तुमची खाट बसत नव्हती. चौकोनात अजून काही नसलं तरी तिथे बसलं की घराचं दार लांब वाटतं, आणि आपण कुठल्या तरी गावाला आलोय असं होतं. गेल्या रविवारी आम्ही तिघं तिथेच झोपलो आणि अंगावर शेवग्याची फुलं घेऊन उठलो.

आत्यांच्या गुडघ्याबद्दल वाईट वाटलं. पण त्यांचा प्रशांत आणि सूनबाई एकाच घरात असताना गुडघ्याकडे बघायला तुम्हीच लागता हे मला पटत नाही. म्हणून आज सरळ विचारते. गेल्या दिवाळीत तुम्ही चौथ्या दिवशी का निघून गेलात? बॅग संक्रांतीपर्यंतची होती. त्यात स्वेटर होता. मी तो घडी करून परत बॅगेत ठेवला तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात.

आई गेल्यावर तुम्ही गावी गेलात, ते मी समजू शकले. दिवाळीचं मात्र मी माझ्या मनाने ठरवून टाकलं की चौथा मजला तुम्हाला सोसला नाही. पायाखाली माती नाही, खाली उतरलं तर सगळ्या स्कूटर. म्हणून हे घर. ही जमीन तुमच्यासाठी घेतली आहे आप्पा, हे आता लिहूनच टाकते. तुम्ही येणार नसाल तर मला फरशी काय आणि फळ्या काय, सारख्याच.

पल्लवी मजेत आहे. मनगटावरचा डाग फिका झालाय. ती तो मैत्रिणींना नकाशा म्हणून दाखवते. लोभ कमी झाला असेल तर तसं कळवा, नसेल तर या.

हर्षदा


ता. अमळनेर
१० एप्रिल २०२४

चि. सौ. हर्षदास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. सुरतेला मागांच्या कारखान्यात होतो तेव्हा खात्यातल्या निम्म्या विणकरांची घरची पत्रं मी लिहून द्यायचो. लोक रडत सांगायचे आणि मी बिनचूक उतरवायचो. स्वतःचं लिहिताना हात जड होतो.

चौथा मजला नव्हता ग. पल्लवीचं मनगट होतं. त्या सकाळी मी बाल्कनीत चहा घेऊन बसलो होतो आणि ती मागून धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. तिने हाकही मारली असेल. मला काहीच कळलं नाही. मी दचकलो आणि सगळा कप तिच्या हातावर गेला. तुम्ही कोणी मला एक शब्द बोलला नाहीत. जावईबापूंनी तर तिला मलम लावता लावता मलाच दुसरा चहा आणून दिला. तो मला पिता आला नाही.

बहिऱ्या माणसाच्या पाठीमागे जग एकदम उगवतं. आत्ता नव्हतं आणि आत्ता खांद्यावर हात. इथे आक्काच्या ओट्यावर मी भिंतीला पाठ टेकून बसतो. मागून कोणी येऊच शकत नाही, म्हणून माझ्या हातून कोणाला काही होत नाही. तुझ्या अंगणाच्या नकाशात चौकोनाच्या चारी बाजू मोकळ्या आहेत. मी तो पुष्कळदा पाहिला. खाट कुठेही टाकली तरी एक बाजू उरतेच. लहान मूल असलेल्या घरात मी नको. फरशी घाल, पण माझ्यासाठी घालू नकोस.

खात्यात मी बहिरा नव्हतो, हे तुला सांगायचं राहिलं. तिथे कोणालाच ऐकू येत नसे. सगळे हातांनी बोलायचे. माझ्याकडे बारा माग होते आणि मी अनवाणी उभा राहायचो. सात नंबरचा माग थांबला की डाव्या टाचेखालची जमीन गप्प व्हायची. मी न बघताच तिकडे वळायचो. हल्ली दुपारी डोळा लागला की खातं दिसतं. सगळे माग चालू आहेत आणि आवाज कुठेच नाही. दारात तुझी आई उषा डबा घेऊन उभी आहे, आणि तिला आत यायची घाई नाही. कापड मात्र पुढे सरकत राहतं, पांढरं, लांबच लांब. उठल्यावर थोडा वेळ मी तसाच पडून राहतो.

तुला वाईट वाटेल हे ठाऊक आहे. तरी माया पातळ झाली असं समजू नये.

आप्पा


सुरत
५ मे २०२४

तीर्थरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शेवग्याखाली बसून वाचलं आणि खूप रडले. मग तुमचा रागही आला. सहा महिने एक कप चहा तुम्ही एकटे सांभाळत बसलात.

त्यानंतर काय झालं ते नीट क्रमाने सांगते. फळ्यांचा कारखाना कतारगामला आहे, भाईदासभाईंचा. पल्लवीच्या पप्पांनी त्यांच्याकडे शब्द टाकला होता, तर आम्हाला फळ्या नकोत हे तोंडावर जाऊन सांगावं म्हणून आम्ही तिघं गेलो. आपल्या जुन्या खोलीची गल्ली तिथून दोन वळणांवर आहे. कारखान्यात एक नमुन्याचा डेक करून ठेवलाय, खाटेच्या चौपट मोठा. मी चप्पल काढून त्यावर चढले आणि भिंतीवरचे रंग बघत उभी राहिले. आणि आप्पा, मला पल्लवी कळली. ती मागून येत होती, बाजूला हिरे घासायच्या घंट्या, म्हणजे चाकं, घरघरत होती, कानाला काही येत नव्हतं. पण तळव्याखाली बारीक बारीक धक्के आले आणि मी वळायच्या आत मला ठाऊक होतं की ही पल्लवी.

मग मी वेड्यासारखं केलं. भाईदासभाईंकडून कापूस मागून कानांत घातला, डोळे मिटले आणि सगळ्यांना एकेक करून चालायला लावलं. पल्लवीचे पप्पा दोन पावलांत ओळखू आले, ते टाचेवर चालतात. भाईदासभाई एका पायावर जरा जास्त भार देतात. एकदाही चुकले नाही. भाईदासभाई म्हणाले की गिऱ्हाईक रंग विचारतं, गॅरंटी विचारतं, पण कोण चाललंय ते कळेल का असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं तर त्यांनी खाली वाकून चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, चौकटीच्या पट्ट्या एकमेकींपासून जरा लांब ठेवू, फळी वाकणार नाही पण पाऊल पोहोचवेल.

तिथेच मला आपला माळा आठवला. तुम्ही रात्रपाळी करून फळ्यांच्या माळ्यावर झोपायचात. आई शिडी चढून यायची, आणि हाक न मारता, हात न लावता दोनदा टाच आपटायची. तुम्ही लगेच उठून बसायचात. मला वाटायचं शेजारीही रात्रपाळी करून झोपलेले असतात म्हणून ती ओरडत नाही.

तर तुमचा सल्ला मी मोडला. फळ्या येत आहेत. उन्हाचं म्हणाल तर फिकट रंग घेतलाय आणि वर मांडव घालणार आहोत. घुशींसाठी कडेने जाळी लावतो. श्रावणातली कानबाई देवी यंदा आपल्याकडे बसवायची आहे आणि घरातला वडीलधारा माणूस लागतो. लोभाची आठवण करून देत नाही, तुम्हाला ती आहे.

हर्षदा


ता. अमळनेर
२२ मे २०२४

चि. सौ. हर्षदास आशीर्वाद. वि. वि.

माळ्याचं तुला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. माझे कान चाललेत हे उषाला माझ्या आधी कळलं. चाळीत कोणी मला बहिरा म्हणू नये म्हणून तिने ते कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. ती टाच आपटायची आणि मी उठायचो, आणि माझे कान चांगले आहेत असं मी कितीतरी वर्षं समजत राहिलो. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

फळ्यांवर माझा विश्वास नाही. कानबाईला नाही म्हणता येत नाही म्हणून येतो. चार दिवस. परतीचं तिकीट काढूनच येईन, आणि चहा भिंतीजवळ बसून घेईन. जावईबापूंना सांग, त्यांच्या डेकचा माझ्यापुढे अभिमान मिरवू नये. बाकी जिव्हाळा आहे तसा.

आप्पा


इच्छापोर रोड, सुरत
२१ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आक्कास,
तुझ्या धाकट्या भावाचा, दगाचा, नमस्कार. हे पत्र शेजारच्या रंजनाकडून वाचून घे, प्रशांत मधली वाक्यं गाळतो.

कानबाई छान पार पडली. रोट झाले, खीर झाली, आपल्या भावबंदांची बारा-पंधरा घरं इथे आहेत ती सगळी आली. रविवारी संध्याकाळी बाया मागच्या फळ्यांवर फुगड्या घालत होत्या. मला त्यांनी कडेला खुर्ची दिली. मी वहाणा काढून पाय खाली टेकले, आणि आक्का, ठेका पायांतून वर आला. गाणं कोणतं ते कळलं नाही. पण कुठे हळू होतंय, कुठे जोर धरतंय, कुठे सगळ्या एकदम थांबल्या, ते सगळं कळलं. खातं सुटल्यापासून इतकं काही मी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले ते कोणी पाहिलं नाही, सगळ्या नाचत होत्या.

पहिले दोन दिवस इथे मोठी गंमत होती. हर्षदाने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, की माझ्याकडे येताना फळीवर चढताच दोनदा टाच आपटायची. उषाची रीत. पल्लवी आपटायची, हर्षदा आपटायची, जावईबापू कामाचे बूट काढून कवायतीसारखी आपटायचे. दुधवालासुद्धा चुकून एकदा आत येऊन आपटून गेला. आता कोणी आपटत नाही. लागत नाही. हर्षदा हलकी चालते आणि मध्येच थांबते, काहीतरी विसरलेलं असतं. जावईबापू थेट येतात. मांजरही कळतं, पण ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, नाहीतर माझ्या नावाने प्रयोग सुरू होतील.

तू विचारशील परत कधी. तिकीट पंधरा तारखेचं होतं. त्या दिवशी सकाळी बॅग भरली, आणि चहा घ्यायला म्हणून इथे येऊन बसलो. मांडवाची सावली फळ्यांवर पडलेली होती. शेवग्याची पानं हलत होती. घरातली सगळी माणसं आपापल्या कामांनी इकडून तिकडे जात होती आणि मी डोळे मिटून त्यांच्यामागे फिरत होतो. गाडीची वेळ कधी टळली ते मला समजलं नाही. खरं सांगायचं तर समजलं होतं. हर्षदाने बॅग उघडून स्वेटर कपाटात ठेवला. मी या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

तेव्हा माझी खाट ओट्यावरून आत घे, पावसाने सुंभ कुजेल. छत्री प्रशांतला दे. गुडघ्याला तेल लाव, आणि मी तुझ्या गुडघ्याचं निमित्त फार वापरलं त्याबद्दल क्षमा कर. संक्रांतीला ये. भिंतीला पाठ न लावता बसलेला तुझा भाऊ तुला बघायला मिळेल. घराकडे माझी पाठ आहे, समोर झाड आहे, मागे सगळं मोकळं आहे.

आत्ता लिहिता लिहिता फळ्या हलल्या. बारीक, भराभर पावलं, शाळा सुटलेली दिसते. टाच आपटलेली नाही, तरी ही पल्लवीच. मी मागे पाहिलेलं नाही. चहाचा कप फक्त लांब, पलीकडच्या कडेला सरकवून ठेवला.

पत्र इथेच पुरं करतो. गळ्यात दोन हात पडलेत, लिहिता येत नाही.

तुझा धाकटा,
दगा